यमुनाला नवऱ्याचं रक्त चालंना

त्या दिवशी तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढं घोटाळा व्हायचा नाय. रक्तपेढीच्या डॉक्टर सामंतबाई होत्या. मशिनीवर बसणारे रफिकभाई होते. मी होते, भागाबाई, तिथली आया. मखमलाबादकडचा भाजीवाला सोमनाथ होता अन् त्याची आई चांगुणाबाई. समोरच्या दवाखान्यात खाटेवर सोमनाथची बायको यमुना होती. अजून एक माणूस लागणार होतं, यमुनाची धाकटी बहीण हिरा. ती नांदगावला होती अन् तिला कुणी बोलवलं नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकले. हे मी बोलते, नात लिहिती. सामंतबाई म्हणल्या, भागाबाई, दिवाळी अंकात तुमच्या कामाचं द्या. मी म्हणलं, मी फरशी पुसली, बाटल्या धुतल्या, पिशव्या पोचवल्या, त्यात काय द्यायचं. त्या म्हणल्या, यमुनाचं द्या.

मालक गेले तवा दोन पोरं पदरात होती. सकाळी दुसऱ्याच्या मळ्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या अन् दुपारी पेढीत यायचं, असं मी बरीच वर्षं काढलं. नाशकातल्या द्वारका चौकापासून चालत जावं इतक्यावर आमची पेढी. मी लागले तवा रक्त काचेच्या बाटलीत घ्यायचे. बाटली धुवायची, उकळायची, तडा गेला का बघायचं, हेच माझं काम. मंग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. नंतर दोन हजार साल उलटल्यावर ते गरगर फिरणारं मोठं मशिन आलं अन् एका पिशवीच्या तीन पिशव्या व्हायला लागल्या. एक लाल, एक पिवळ्या पाण्याची अन् एक ह्या प्लेटलेटची, ताकासारखी, जराशी पिवळट.

प्लेटलेट म्हणजे रक्तातले बारीक बारीक कण. सुई टोचली, रक्त आलं, थांबलं, तर ते त्यांनी थांबवलं असं समजायचं. मला इतकंच ठाऊक होतं. सामंतबाईंनी एकदा सांगितलं की त्यांचं काम तेवढंच नाय. जखमेतून घाण आत शिरली, जंतू शिरला, तर पहिले तिथं हेच असतात. जंतूला चिकटून धरतात अन् पांढऱ्या पेशींना हाक मारतात, या म्हणून. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले पहारेकरी. म्हणून ज्याच्या प्लेटलेट गेल्या त्याचं रक्त तर वाहतंच, पण तापानं धरलं तर तो लवकर सोडत बी नाय. तवापासून ती पिशवी हातात घेताना मी जरा जपून घ्यायला लागले.

ह्या पिशवीचे नखरे लय. लाल रक्त फ्रिजमधी ठेवायचं, पण ही फ्रिजमधी ठेवली की मेली. तिला साध्या थंड खोलीत ठेवायचं, अन् तिथं बी नुसती नाय ठेवायची. एक हलणारी फळी असती, तिच्यावर रात्रंदिवस झुलत ठेवायची. पडून राहिली की कण एकमेकांना चिकटतात. इतकं करून पाचेक दिवसांत तिचा जीव जातो. देवळाली कॅम्पहून एक रिटायर हवालदार यायचे, त्यांच्या मेहुणीसाठी. आधी लाल रक्त नेताना त्यांना बर्फ आणा म्हणून सांगितलेलं. पुढच्या खेपेला प्लेटलेट न्यायच्या होत्या तर गड्यानं कुल्फीवाल्याची पेटी आणली, स्वच्छ धुऊन, वरपर्यंत बर्फ भरून. रफिकभाई म्हणले, बर्फ ओता अन् पिशवी हातात धरून न्या. हवालदाराला वाटलं पेढीवाले कामचुकार हायेत. भांडले. शेवटी रफिकभाई स्वतः त्यांच्या रिक्षात बसून गेले, वाटेत पेटीत घालतील म्हणून.

असली हसायची गोष्ट हीच एक. बाकी ह्या पिशवीपायी नुसता जीवाला घोर.

आता यमुना. बावीस-तेवीसची असंल. हाडाच्या आत रक्त तयार होतं म्हणतात, तिचं ते बंद पडलं होतं. तिच्याच अंगातले पहारेकरी बिथरले होते अन् रक्त करायच्या जागेवरच उठले होते, असं सामंतबाई म्हणल्या. त्यांना शांत करायचं औषध दवाखान्यात चालू केलं होतं. पण ते औषध सावकाश लागू पडतं. तोवर तिला दुसऱ्यांच्या प्लेटलेटवर जगवायचं, एवढीच गोष्ट होती. पिशव्या मिळाल्या अन् लागू पडल्या तर ती औषधापर्यंत पोचणार, नायतर नाय.

मी पिशवी घेऊन जायचे तवा तिला बघायचे. पायांवर जांभळं सांडल्यासारखे डाग. हिरडीतून रक्त यायचं, तोंडात कापसाचा बोळा धरून बसायची. बोलायची कमी. सामंतबाईंना भीती वेगळीच होती, डोक्यात रक्त उतरायची. ते झालं की मंग काय करता येत नाय. त्या रोज सकाळी आल्या आल्या मला विचारायच्या, समोरून काही निरोप आला का. मी नाय म्हणले की पर्स ठेवायच्या.

पहिल्या पिशव्या लागू पडल्या. पिशवी चढवून झाली की तासाभरानं तिचं रक्त तपासायचे, आकडा वर जायला पायजे. पहिल्यांदा गेला. मंग कमी गेला. मंग जागचा हलंना. अशात सोमनाथ म्हणला, बाहेरच्याचं कशाला, माझा गट जुळतो, माझं घ्या. घेतलं. मोठ्या हौसेनं मूठ दाबत-सोडत पडला होता. बायकोला माझं रक्त जाणार, म्हणून मला दोनदा सांगितलं. त्याची पिशवी मीच पोचवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेढीत आला ते तावातच. त्याची पिशवी चढवली अन् आकडा वाढायचा सोडून यमुनाला थंडी वाजून ताप भरला होता. नाकातून रक्त चालू झालं होतं. मागून चांगुणाबाई आली, पदर खोचून.

सोमनाथ म्हणला, "बाई, तुम्ही माल खराब देता. आधीच्या लोकांचं मला माहीत नाय. पण कालची पिशवी माझ्या अंगातली होती. ती कशी खराब निघाली?"

रफिकभाईंचं तोंड उतरलं. माल खराब म्हणणं म्हणजे त्यांच्या हाताला नाव ठेवणं. त्यांनी फळीवरची एक पिशवी उचलली अन् त्याला खिडकीशी नेलं. उजेडासमोर धरून हळूच हलवली. चांगल्या प्लेटलेट असल्या की आत धुरासारखं, रेशमाच्या पदरासारखं काहीतरी फिरतं. मेलेल्या असल्या की नुसतं मठ्ठ पाणी.

"दिसती का ही चमक, सोमनाथभाऊ? तुझी पिशवी पण अशीच होती. चमक बघितल्याशिवाय मी पिशवी सोडत नाय."

"मंग गेली कुठं?"

चांगुणाबाई बाकड्यावर बसली अन् म्हणली, माझ्या लेकाचं रक्त बी तिला चालंना, कसलं अंग म्हणायचं बाई हे.

सामंतबाईंनी तिला विचारलं, सुनेला मूलबाळ किती. हे दवाखान्यात बी विचारून झालं होतं. चांगुणाबाईनं तेच सांगितलं. "कुठलं काय. कूस उजवली नाय अजून."

बाईंनी मला आतल्या खोलीत बोलवलं, दार लोटलं. म्हणल्या, "भागाबाई, नवऱ्याचं रक्त असं फेकलं जातं ते बहुतेक पोट राहून गेलेल्या बाईत. मी विचारायला गेले की ती सासूकडं बघते अन् मान हलवते. तुम्ही जाऊन बसा तिच्यापाशी. घाई करू नका, पण आज कळायला पाहिजे. मला उद्यापर्यंत वेळ आहे का तेच माहीत नाही."

मी गेले. चांगुणाबाई माझ्या मागोमाग आली, सुनेला सोडून राहायची नाय ती. तिला मी म्हणलं, मावशी, खाली जाऊन चहा पिऊन या, सकाळपासून पोटात काही नाय तुमच्या. रफिकभाई कँटीनकडंच निघाले होते, त्यांनी बळंच नेलं.

यमुना भिंतीकडं तोंड करून होती. मी तिच्या तोंडातला बोळा बदलला, पाय दाबत बसले. मंग माझंच सांगितलं. म्हणलं, मला पाच झाली. हायेत दोन. एक पोरगी सव्वा महिन्याची होऊन गेली, दोघं तर दिवस भरायच्या आत. कुणी विचारलं तर मी दोनच सांगते, पाच सांगितली तर लोक तोंडाकडं बघत बसतात.

ती भिंतीकडंच बघून म्हणली, "माझी तीन."

मी पाय दाबत राहिले.

"दोन तर अशीच गेली. शेवटचं सातव्यात झालं. ते रडलं होतं, मावशी. सासूबाई म्हणत्या नाय रडलं. पण मी ऐकलं."

मी विचारलं, डॉक्टरला का नाय सांगितलं. तर म्हणली, सासूबाई म्हणत्या गेलेल्याचं नाव काढलं की पुढचं टिकत नाय. म्हणून घरात कुणी काढत नाय. सोमनाथ बी नाय काढत.

चांगुणाबाई वाईट नव्हती, हे मी इथं सांगून ठेवते. आमच्या बी घरात असंच होतं. तिला नातवंड पायजे होतं अन् तिच्या परीनं ती पुढच्याची वाट मोकळी ठेवत होती. मुलं किती विचारलं की हायेत तेवढी सांगायची, ही आपल्याकडची रीतच हाय. त्यात खोटं बोलतो असं कुणाला वाटत नाय. पण तिथं खाटेवर ती पोरगी त्यापायी वाहून चालली होती.

मी पेढीत येऊन बाईंना सांगितलं. त्यांनी सोमनाथला अन् चांगुणाबाईला समोर बसवलं. चांगुणाबाई आधी माझ्याकडं बघून म्हणली, झालं का तुझं समाधान. मी खाली बघितलं. मंग बाईंनी समजावून सांगितलं, भाजीवाल्याला कळंल असं.

मार्केटात टोमॅटोचे क्रेट असतात, हजारो. सगळे सारखे. म्हणून जो तो आपल्या क्रेटवर रंगानं खूण करतो. तशी खूण अंगातल्या कणाकणावर असती, प्लेटलेटवर बी. आईच्या पोटात मूल वाढतं त्याच्यावर अर्धी खूण आईची अन् अर्धी बापाची. मुलाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. तिचे पहारेकरी ती बापाची खूण बघतात अन् ध्यानात ठेवतात, ही आपली नव्हं म्हणून. पुढं बाहेरून कुणाच्या प्लेटलेट आल्या, त्यांच्यावर तसली खूण दिसली की धरून मारतात. नवऱ्याच्या प्लेटलेटवर तर तीच खूण. इतरांच्यावर बी जुळणाऱ्या खुणा असतातच. एकदा ओळख पटलेली असली की दुसऱ्या खेपेला पहारेकरी पटकन उठतात. म्हणून पहिल्या पिशव्या थोड्या टिकल्या अन् नंतरच्या गेल्या.

सोमनाथ ऐकत होता. म्हणला, "म्हणजे माझीच खूण तिला चालंना."

बाई म्हणल्या, "तुमची खूण तिनं तीनदा अंगात वाढवली. म्हणून तर ती तिच्या अंगाला इतकी पाठ झाली."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चांगुणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

मंग बाईंनी पुढचं सांगितलं. खुणा तपासायला रक्त मुंबईला पाठवावं लागतं, तेवढा वेळ नाय. सख्ख्या भावंडाच्या खुणा कधीकधी जुळतात, कधी नाय जुळत. त्यातबी धोका असतो, तो दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी मोजला होता. पण आता दुसरी वाट नाय. तिला सख्खं कोण हाय?

सोमनाथ आईकडं बघायला लागला. आई जमिनीकडं.

एक बहीण हाय, नांदगावला, तो म्हणला. ब्लाउज शिवती. पण ती येणार नाय.

कशी येणार. सातव्या महिन्याच्या वेळी हिरा बहिणीला न्यायला आली होती, आरामाला. टोमॅटोचा हंगाम होता, चांगुणाबाईनं पाठवलं नाय. पुढच्याच आठवड्यात ते झालं. हिरानं अंगणात उभं राहून, गल्ली ऐकंल असं, सासूला म्हणलं की तुम्ही मारलं. चांगुणाबाईनं तिला सांगितलं, ह्या दारात परत पाय ठेवू नको. तवापासून येणं-जाणं बंद. हे सोमनाथनं तिथंच सांगितलं, आईसमोर. पहिल्यांदाच बोलत असावा.

सोमनाथ म्हणला, मी फोन करतो. चांगुणाबाई उठली. म्हणली, तू नको, मी करते.

पेढीसमोर एसटीडीचं बूथ होतं. हिराच्या शेजारी किराणा दुकान, तिथं फोन लावून तिला बोलवायचं. मी बरोबर गेले, चांगुणाबाईला आकडे दाबता येत नव्हते. हिराला बोलवायला पोरगं पळालं अन् आम्ही फोन कानाला लावून उभ्या. पलीकडं आवाज आला तशी चांगुणाबाई सरळ उभी राहिली.

"हिरा, मी चांगुणा बोलते. तुझी बहीण दवाखान्यात हाय. तिला तुझं रक्त पायजे. आमचं चालत नाय तिला."

फोनवाला आमच्याकडं बघायला लागला. मला वाटलं तिनं ठेवला.

मंग आवाज आला, मला बी ऐकू आला. "कोणत्या गाडीनं येऊ?"

हिरा दुसऱ्या दिवशी सकाळी आली. नाशिकरोडला उतरून रिक्षानं. रात्र कशी काढली ते मी सांगत बसत नाय. यमुनाच्या नाकात कापूस ठासून ठेवला होता अन् डोकं दुखतं म्हणली होती. डोकं दुखतं ऐकल्यावर सामंतबाई घरी गेल्याच नाय.

हिरा आल्यावर चांगुणाबाई बाकड्यावरून उठली. हिरानं तिच्याकडं बघितलं नाय. बहिणीला लांबूनच बघून आली अन् मला म्हणली, कुठं झोपायचं. गट बघितला, जुळला. पण पोरगी अंगानं काडी. वजन कमी भरलं तर रक्त घेता येत नाय, देणाऱ्याच्याच जीवाला होतं. काट्यावर उभी केली, काटा थरथरत राहिला. जेमतेम भरलं. रफिकभाईंनी मोठा श्वास सोडला तो मला ऐकू आला.

पुढं विजेचं. तवा नाशिकला लोडशेडिंगची वेळ ठरलेली असायची, पण त्याच्या आधी बी वीज कधी जाईल नेम नव्हता. रक्त काढलं, पण ते मशिनीत फिरवल्याशिवाय प्लेटलेट वेगळ्या होत नाय, अन् मधीच वीज गेली तर सगळं विस्कटतं. आमचा जनरेटर फ्रिजांपुरता, मोठं मशिन त्याला ओढत नव्हतं. वीज जायच्या वेळेच्या आत फिरवायचं होतं. रफिकभाई मशिनीच्या झाकणावर हात ठेवून उभे होते, जसं काय हातानं वीज थांबणार हाय. मशिन थांबलं, त्यांनी पिशव्या वेगळ्या केल्या, मशिनीतून निघालेली पिशवी आधी जरा निवांत ठेवावीच लागती, तशी ठेवली, मंग फळीवर घातली. अन् वीज गेली. फळी थांबली.

तपासण्यांचे निकाल यायचे होते, तोवर पिशवी देता येत नव्हती. मंग मी ती ताटलीत घेतली अन् हातानं झुलवत बसले. इकडून तिकडं, सावकाश. हात भरून आला की दुसऱ्या हातात. रफिकभाई मधी मधी घ्यायचे. काचेच्या दारापलीकडं चांगुणाबाई उभी होती, बसायला सांगितलं तरी बसली नाय. माझ्या हाताकडं बघत होती. तिनं काय बघितलं ते तिलाच ठाऊक.

निकाल बरे आले. रफिकभाईंनी पिशवी खिडकीशी धरली, चमक बघितली अन् माझ्या हातात दिली. ती पिशवी नेताना रस्ता ओलांडायची मला भीती वाटली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चढवली. संपली. मंग तासभर थांबायचं. सोमनाथ जिन्यात बसला होता. हिरा बहिणीच्या पायाशी. रक्त तपासायला गेलं, निकाल आला, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सामंतबाईंना फोन केला. बाईंनी ऐकलं, फोन ठेवला, म्हणल्या, "वाढल्या." इतकंच. अन् खुर्चीत बसून डोळे मिटले.

संध्याकाळी नाकातलं रक्त थांबलं. बरी झाली असं तवा कुणी म्हणलं नाय, म्हणायची टापच नव्हती. हिरा नाशकातच राहिली. तिच्याकडून किती घ्यायचं त्याला बी मर्यादा होती, तिचीच काळजी लागायची. पुढं मुंबईहून तपासणी आली, बहिणींच्या खुणा जुळत होत्या. पण औषध लागू पडंल का नाय हा घोर लय दिवस राहिला. चांगुणाबाई रोज डबा आणायची. आधी सुनेपुरता आणायची, मंग दोघींचा आणायला लागली. हिरा पहिले दोन दिवस डब्याला शिवली नाय. मंग खाल्लं. भाजीत मीठ कमी हाय म्हणली. चांगुणाबाई म्हणली, उद्या घालते. बोलणं म्हणजे इतकंच झालं, मी तिथं होते.

औषध लागू पडलं. यमुना चालत घरी गेली, पायावरचे डाग अजून पुरते गेले नव्हते. मूल काही तिला पुढं झालं नाय. डॉक्टरांनीच नको म्हणून सांगितलं. पण एकदा ती पेढीत भेटायला आली तवा नवीन लागलेल्या नर्सनं तिला सहज विचारलं, ताई, मुलं किती. सोमनाथ जवळ उभा होता. ती काही बोलायच्या आत तोच म्हणला, तीन झाली, एकही नाय राहिलं. यमुनानं त्याच्या हातातली कापडी पिशवी घेतली अन् दोघं निघाले.

माझे आता हात-पाय चालत नाय. काम सोडून झाली काही वर्षं. यमुनाच्या आधी कितीक बायांना पिशव्या लागू पडल्या नाय अन् त्या गेल्या, त्यातल्या कितींना आम्ही नीट विचारलं असंल, असं कधी कधी मनात येतं. मंग झोप लागत नाय.

म्हणून जो कोणी हे वाचंल त्याला माझं एक मागणं हाय. दवाखान्यात बाईला मुलं किती म्हणून विचारलं, तर पोट जितके वेळा राहिलं ते सगळं सांगा. पडलेलं, गेलेलं, नाव न ठेवलेलं, सगळं सांगा. अन् बरोबर गेलेल्या माणसांनी तिच्या वतीनं उत्तर देऊ नका. जरा बाहेर जाऊन बसा.